सरी म्हणजे बरोबर

आजारपणानंतर आईजवळ एकच शब्द उरला, आणि तोही मराठी नव्हता. ‘सरी’. कन्नडात सरी म्हणजे बरोबर, ठीक आहे, चालेल. बेंगळुरात राहणाऱ्याच्या कानावर हा शब्द सकाळी दूधवाल्यापासून जो पडायला लागतो तो झोपेपर्यंत. भाव पटला की भाजीवाली म्हणते सरी, पत्ता कळला की रिक्षावाला म्हणतो सरी, भांडण मिटलं की दोन्ही बाजू म्हणतात सरी. आमच्या घरात मराठी बोललं जायचं, पण हा शब्द कधी चपला काढून आत येऊन बसला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निपाणीकडच्या माहेराहून आईने आणलेलं ठसकेबाज मराठी, तिचे टोमणे, तिच्या शिव्या, देवापुढे पुटपुटायची स्तोत्रं, माझं नाव, हे सगळं मेंदूतल्या एका गुठळीने पुसून नेलं आणि हा पाहुणा तेवढा मागे ठेवला. डॉक्टर म्हणाले, होतं असं, एखादाच शब्द जिभेवर अडकून राहतो, हळूहळू बाकीचेही येतील. मला त्या शब्दाचाच राग आला. राहायचंच होतं तर घरातलं काहीतरी राहायचं, एखादी शिवी राहिली असती तरी मी खूश झाले असते.

आम्ही तेव्हा राजाजीनगरात एका वठारात राहत होतो. मधे फरशीचं अंगण, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. पहाटे नळाला पाणी आलं की घागरींचा खणखणाट सुरू व्हायचा, मग कुणाच्या तरी घरातून कॉफीचा वास यायचा, मग कारखान्याचा भोंगा. आप्पा त्या भोंग्याला बांधलेले होते. कारखान्यात ते फिटर होते आणि बिघडलेलं कुठलंही यंत्र नीट कारण शोधलं की चालू होतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आई मोरीच्या दारात पडली आणि माझं कॉलेज संपलं. मला ‘सोड’ असं कुणी म्हटलं नाही. एक दिवस मी गेले नाही, दुसऱ्या दिवशीही गेले नाही, आणि मग त्याबद्दल बोलायचं सगळ्यांचं राहूनच गेलं.

आईची उजवी बाजू गेली होती. डावा हात, डावा पाय चालत होता, डोळे उघडे होते, आणि चेहऱ्यावर एक असा भाव होता की आपण काहीतरी बोलत होतो आणि मधेच कुणीतरी दार वाजवलं. आप्पांनी तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली, म्हणजे तिला अंगण दिसावं. तिला उशांना टेकवून बसवायचं, दात घासून द्यायचे, मऊ भात सारूत कालवून भरवायचा, हे सगळं माझ्याकडे आलं. सारू म्हणजे इथलं पातळ, चिंचेचं, मिरीचा झटका असलेलं वरण म्हणा. ते करायला मी समोरच्या बिऱ्हाडातल्या सरोजक्कांकडून शिकले, पण सुरुवातीला धड जमायचं नाही. एकदा मी त्यात मीठ दोनदा घातलं. आईला अर्धी वाटी भरवून झाली, प्रत्येक घासाला ती ‘सरी’ म्हणाली, आणि मग आप्पा जेवायला बसले. पहिला भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मीठ जरा कमी पडलं तर ताट सरकवून देणारी बाई ती! मी त्या दिवशी चुलीशी बसून रडले. आप्पा मात्र आत येऊन म्हणाले, “तुझं मन राखालीय ती. कळतंय की तिला सगळं.”

घरात हाच एक प्रश्न होता, बाकी सगळे त्याच्या मागून. तिला कळतंय की नाही? ‘सरी’ ती ज्याला त्याला म्हणायची. भूक लागली का, सरी. लागली नाही का, सरी. पाय दुखतोय का, पोस्टमन आला, पाऊस पडतोय, शेजारची म्हातारी वारली, सगळ्याला सरी. आवाज तोच, चढ नाही की उतार नाही. आप्पा त्यातून अर्थ काढायचे. “आत्ताचं सरी बघ, जरा लांबवलं तिनं,” असं म्हणायचे. मी ऐकायची आणि मला काही लांबवलेलं वाटायचं नाही. पण मलाही हवंच होतं. कुणी हातावर हात ठेवून सांगितलं असतं की आई आत आहे, फक्त दार अडकलंय, तर मी जन्मभर त्या दाराशी बसून राहिले असते. ती आतच नसेल तर मी कुणाला भरवते आहे, कुणाचे केस विंचरते आहे, हे मला समजत नव्हतं.

आता क्रोशाबद्दल सांगायला हवं. आमची आई क्रोशात वठारातच काय, दोन-चार गल्ल्यांत पहिली होती. दाराची तोरणं, ताटावरचे रुमाल, बाळंतविड्यातली टोपडी, रेडिओवर घालायची झालर, सगळं तिच्या हातचं. सूत बोटाला गुंडाळून ती गप्पा मारायची, ओरडायची, दूध उतू जातंय का बघायची, आणि हात आपले चालूच. दुपारी बायका तिच्याकडे शिकायला यायच्या. शिकवायची तिची रीत अशी, की शिकणारणीने केलेलं ती हातात घ्यायची, कडेवरून बोट फिरवायची, आणि चूक असली तर सुई काढून दोरा धरून सर्रकन ओढायची. दोन दिवसांचं काम क्षणात मांडीवर सुताचा ढीग होऊन पडायचं. ‘चुकलंय’ वगैरे काही म्हणायची नाही, ‘परत’ एवढंच. कितीतरी बायका तिच्यासमोर डोळे पुसत उठल्या आहेत. मीही लहान असताना एकदा बसले होते. माझी पहिली पट्टी तिने अशीच उसवली, तेव्हा मी सुई अंगणात फेकून दिली आणि पुन्हा कधी तिला शिवणार नाही म्हणाले. “नको शिवूस. सुईचंच भलं होईल,” आई म्हणाली आणि स्वतःचं काम पुढे चालू ठेवलं. आमचं दोघींचं असंच होतं, दोघीही हट्टी.

आजारपणानंतर आप्पांनी तिची सुई शोधून काढून तिच्या डाव्या हातात दिली. तिने ती धरली, बघितली, आणि बोटं उघडली. सुई खाली पडली. आप्पांनी पुन्हा दिली, पुन्हा पडली. असे ते कितीतरी दिवस करत राहिले. मग एका रविवारी सकाळी नळावरून आले, घागर खाली ठेवली आणि मला म्हणाले, “मालू, तू शीक बघू क्रोशा.”

“मी? आणि शिकवणार कोण?”

“सरोजक्का शिकवतील. पण बसायचं आईसमोर. दिसायला पाहिजे तिला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तू चुकशील की नाही? चुकणारच तू. आणि चूक बघून तिला राहवायचं नाही. बोलेल बघ ती. निदान ‘परत’ तरी म्हणेल.”

यंत्र चालू करायचा हा फिटरचा उपाय होता. मला हसू आलं, तरी मी सुई घेतली. कारण उपाय वेडेपणाचा असला तरी आईला ओळखून केलेला होता.

सरोजक्का समोरच्या बिऱ्हाडात राहायच्या. तुमकूरकडच्या, घरात कन्नड. त्यांचं मराठी माझ्या आईकडून क्रोशाबरोबरच शिकलेलं, त्यामुळे सुतासुईचे शब्द पक्के आणि बाकी सगळं स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा गोंधळ. त्या दुपारी यायच्या, खाटेच्या पायथ्याशी चटई टाकायच्या, आणि आधी आईला मोठ्याने सांगायच्या, “वैनी, तुझी मुलगी आली बघ शिकायला. स्वल्प लक्ष ठेव.” आई म्हणायची, सरी.

परवा माझ्या सुनेने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. आम्ही आता येलहंकाला एका उंच इमारतीत राहतो. सून पुण्याची, ऋचा तिचं नाव. घरूनच संगणकावर काम करते, आणि डोकं शांत राहावं म्हणून सध्या क्रोशा शिकते आहे. “आई, हे बघा ना, बिगिनर्सच्या कॉमन मिस्टेक्स. मी तर सगळ्याच केल्यात!” व्हिडिओतली बाई एकेक चूक हसत हसत सांगत होती, जणू चुका म्हणजे गंमत. ऋचाचा मफलर खरंच एका टोकाला निमुळता होत गेला होता. मी तिला कुठला टाका सुटतोय ते दाखवलं, तर म्हणाली, “तुम्हाला येतं? मग कधी करताना का नाही दिसलात?” डोळे गेलेत म्हटलं. डोळे माझे ठीक आहेत.

तर त्या व्हिडिओतल्या सगळ्या चुका मी केल्या, आणि तिला ठाऊक नसलेल्याही केल्या. पहिली म्हणजे साखळी. क्रोशात सगळ्याची सुरुवात साखळीने होते, सुताच्या फासातून फास ओढत जायचं. माझी साखळी इतकी आवळलेली व्हायची की पुढच्या ओळीत सुई आत शिरायचीच नाही. “बिगी नको गं, घट्ट नको, सैल सोड,” सरोजक्का म्हणायच्या, “गळा दाबतेस काय सुताची?” मी रागात असले की टाके घट्ट पडायचे आणि थकले की ढगळ, म्हणजे एकाच रुमालात माझा आठवडाभराचा स्वभाव वाचता आला असता. मग खांब. सुईवर सूत घेऊन उंच टाका काढतात त्याला खांब म्हणतात, आणि सूत न घेता काढलेल्या बुटक्या टाक्याला मुका खांब. या नावातून कुणी काही अर्थ काढू नये, क्रोशात त्याला तसंच म्हणतात. खालच्या टाक्याच्या दोन दोऱ्यांतून सुई घालायची, तर मी एकाच दोऱ्यातून घालायची, त्यामुळे वीण कमजोर आणि मधेच भोकं. पण सगळ्यांत मोठी चूक कडेची. ओळ संपली की काम उलटवून तीन साखळ्या घालतात, आणि त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब मानायचा. पुढच्या वेळी परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा असतो. नवशिक्याला तो खांब दिसतच नाही. साखळीच ती, तिला खांब कोण म्हणणार? मग दर ओळीला एक खांब गळतो आणि चौकोनी रुमाल बघता बघता भजीच्या पुडीसारखा तिकोनी होतो.

मी असा तिकोनी रुमाल केला. दुपारमागून दुपार आईसमोर बसून केला. प्रत्येक ओळ झाली की तिच्या डोळ्यांसमोर धरायची. ती बघायची आणि म्हणायची, सरी. आवळलेल्या साखळीला सरी, भोकांना सरी, गळलेल्या खांबांना सरी. सरोजक्कांना चूक दिसत होती, पण आप्पांनी त्यांना बजावलं होतं की तुम्ही सुधारू नका, तिला सुधारू दे. त्या बिचाऱ्या ओठ मिटून बसायच्या. संध्याकाळी भोंगा झाला की आप्पा यायचे, सायकल भिंतीला लावायच्या आधीच विचारायचे, “काय म्हणाली?” मी म्हणायची, सरी म्हणाली. “बघू,” म्हणून ते रुमाल हातात घ्यायचे. फिटरच्या डोळ्याला तो तिकोन दिसत नव्हता असं कसं म्हणू? “चांगलं वाकडं झालंय,” म्हणायचे आणि पाठीवर थोपटायचे. वाकडं केल्याबद्दल शाबासकी मिळालेली मी एकटीच असेन.

आणि मग ती दुपार आली. सरोजक्का नव्हत्या, कुठल्याशा लग्नाला के. आर. पुरमला गेल्या होत्या. मी रुमाल आईच्या मांडीवर ठेवला, सुई काढून केसात खोचली, आणि दूध तापलं म्हणून आत गेले. विणकाम असं उघड्या फासावर सोडून उठणं हीसुद्धा नवशिक्याचीच चूक. परत आले तर आईने आपला निर्जीव उजवा हात डाव्या हाताने उचलून रुमालावर ठेवला होता, वजन ठेवावं तसा, आणि डाव्या हाताने दोरा ओढत होती. सर्र, सर्र. एकेक ओळ सुटत होती. तोंडाने म्हणत होती, “सरी. सरी. सरी.” आजारपणानंतर तिचा हात इतक्या कामाचा मी पाहिला नव्हता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझं दोन-तीन आठवड्यांचं काम मातीमोल होत होतं आणि मी तोंडावर पदर धरून हसत होते, रडत होते. चूक होती ती! तिला दिसली होती! तोंडात ‘परत’ येत नव्हतं म्हणून सरी म्हणत होती, पण ही बाई माझी आई होती. ओळखीच्या माणसाला गर्दीत मागून बघून ओळखावं तसं मी तिला त्या ओढण्यावरून ओळखलं.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी सायकल तशीच सोडली, ती अंगणात आडवी झाली. आईजवळ जाऊन बसले आणि तिचा डावा हात दोन्ही हातांत धरला. “उसवलंस? पोरीचं उसवलंस?” असं म्हणत राहिले. आई म्हणाली, सरी. मग बाहेर गेले आणि मैसूरपाक घेऊन आले. सगळ्या वठारात वाटला. मुलगा झाल्यासारखा वाटला म्हणायचे लोक. आईच्या ओठांनाही एक तुकडा लावला, तो तिने चघळला, तूप हनुवटीवर ओघळलं, मी पुसलं. त्या दिवशी आमच्या घरात जेवताना गप्पा झाल्या. आप्पा म्हणत होते की बोलणं यायला आता फार वेळ लागायचा नाही, मी पुढच्या वर्षी कॉलेजला परत जायचं, उन्हाळ्यात सगळ्यांनी निपाणीला जायचं. मी सगळ्याला हो म्हणत होते. मला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मन लावून शिकले. आता मला चुकायचं नव्हतं. माझा विचार सरळ होता. चुकीचं उसवते, म्हणजे बरोबर असलेलं ठेवेल. ती कडेवरून बोट फिरवेल आणि हात बाजूला घेईल, आणि तेव्हाचं ‘सरी’ हे खरंखुरं सरी असेल, बरोबर या अर्थाचं. त्या एका सरीसाठी मी जीव टाकला. साखळी सैल घालायला शिकले. दोन्ही दोऱ्यांतून सुई घालायला शिकले. प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबून तो लपलेला खांब शोधायला शिकले, आणि एकदा दिसायला लागल्यावर तो न दिसण्याचंच नवल वाटायला लागलं. चुकलं की मीच उसवायची, आई उसवायच्या आत. सरोजक्कांना आता बोलायची मुभा होती आणि त्या पोटभर बोलत होत्या. नवा रुमाल पुरा झाला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून बघितला, आणि त्यांचे डोळे भरले. “ओंदू तप्पिल्ल,” म्हणाल्या, एकही चूक नाही. “वैनीच्या हातची वाटते. खरं सांगते, मालू, तिच्याच हातची.”

शेवटची गाठ मात्र मी मारली नाही. गाठ मारली की उसवता येत नाही, आणि मला तर उसवता येत असताना न उसवलेला हवा होता. सुई काढली, फास मोकळा ठेवला, आणि रुमाल तिच्या मांडीवर पसरला. सरोजक्का चटईवर सरसावून बसल्या. आईने बघितलं. डावा हात पुढे आला आणि बोट कडेवरून फिरलं, अगदी पूर्वीसारखं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती म्हणाली, सरी. सरोजक्कांनी हात जोडले. आणि आईने उजवा हात उचलून रुमालावर ठेवला आणि दोरा ओढायला सुरुवात केली.

मी थांबवलं नाही. वाटलं, कुठेतरी काहीतरी असेल, एखाद्या ओळीत मला आणि सरोजक्कांना न दिसलेलं. तिथपर्यंत उसवेल आणि थांबेल. ओळी सुटत राहिल्या. पहिल्या साखळीपर्यंत आली, साखळीही सुटली, रुमाल असा काही उरलाच नाही, तरी ती मोकळा दोरा ओढत राहिली, सुताचा गुंडा खाटेखाली गडगडत गेला, आणि चेहऱ्यावर तोच भाव, कुणीतरी दार वाजवल्याचा. “सरी. सरी.” सरोजक्का उठल्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, “बिडू मगू. सोड पोरी. जाऊ दे.” आणि स्वतःच इतक्या रडल्या की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

एवढ्यावर मी मानायला हवं होतं. पण माणूस लगेच मानत नाही. पुढे काही दिवसांनी मी दोन लहान चौकोन केले, एक अगदी शुद्ध आणि एक मुद्दाम चुकवलेला, घट्ट, तिकोनी, भोकं असलेला. दोन्ही तिच्यापुढे ठेवले. तिने हाताशी होता तो घेतला आणि उसवला. मग दुसरा घेतला आणि तोही उसवला. मी जागा बदलून पुन्हा ठेवले असते, पण दोन्ही संपले होते. दोन्हींच्या सुताचा एकच गुंता झाला होता, कुठला दोरा बरोबरचा आणि कुठला चुकीचा ते मलाही सांगता आलं नसतं. अंगणात ऊन होतं, कुणीतरी पापड वाळत घातले होते आणि एक बाई कावळ्याला हाकलत होती. मला आठवतं की मी त्या बाईकडे बघत बसले, खाटेकडे नाही. आई गेली आहे हे मला त्या दुपारी कळलं. तिचा श्वास त्यानंतर पुष्कळ वर्षं चालला. मी भरवत राहिले, विंचरत राहिले, आणि कुणाला ते मात्र पुन्हा स्वतःला विचारलं नाही.

सरोजक्कांनी मला एकदाच विचारलं, आप्पांना सांगणार का. मी म्हटलं, सांगते. सांगायचं ठरवूनच मी त्या चौकोनांच्या संध्याकाळी पायरीवर बसले होते. भोंगा झाला. आप्पा आले. त्या दिवसांत ते सायकल जोरात मारत यायचे, घामाघूम व्हायचे. कारखान्यातल्या सगळ्या लोकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की बायको सुधारतेय, शिकवायला लागली आहे पोरीला.

“काय झालं आज? दाखवलंस?”

“दाखवलं.”

“मग?”

आतून आईचा आवाज आला, सायकलची घंटा ऐकून आला असेल किंवा उगीचच, सरी. आप्पांनी तिकडे वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. दिवसभर लोखंडाशी झटून आलेल्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी लहानपणापासून पाहिला नव्हता. तोंडाशी आलेलं मी गिळलं.

“उसवलं,” मी म्हटलं.

“सगळं?”

“सगळं.”

“हात्तिच्या!” आप्पा खुशीत म्हणाले. पायरीवर माझ्या शेजारी बसले, खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली. “म्हणजे अजून चुकालीस कुठंतरी.”

“हो आप्पा,” मी म्हटलं, “अजून चुकतंय.”